आप्पांची आरएक्स: चोरीला गेली तिथपासून कोर्टातून सुटली तिथपर्यंत

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. सकाळी सहाला आप्पा दूध आणायला खाली गेले आणि पिशवी न घेताच वर आले. "गाडी तू काढलीस काय?" एवढंच विचारलं. मी अजून अंथरुणात होते. मी नाही म्हटल्यावर ते खुर्चीत बसले आणि दहा मिनिटं काही बोलले नाहीत. आप्पा दहा मिनिटं गप्प म्हणजे काय, हे आमच्या घरातल्यांनाच कळेल.

गाडी म्हणजे यामाहा आरएक्स १००, काळी, १९९४ सालची. आप्पा उद्यमनगरात टर्नर होते. ओव्हरटाइमच्या पैशातून घेतलेली ही त्यांची पहिली आणि शेवटची गाडी. कोल्हापुरात आरएक्सचं काय वेड आहे ते इथल्यांना सांगायला नको. कंपनीनं १९९६ मध्येच ती बनवायची थांबवली, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या गाडीला आता लाखाच्या वर भाव सांगतात. चोरांनाही तो भाव माहीत असतो. आम्हीच तिला तीस वर्षं 'आपली जुनी गाडी' समजून मंगळवार पेठेतल्या बोळात हँडल लॉक करून उभी करत होतो.

पहिली चूक माझी. मी लगेच गल्ली पालथी घालायला निघाले. कुणी चेष्टेनं नेली असेल, पोरांनी फेरी मारायला घेतली असेल, असं करत नऊ वाजवले. खरं तर आधी ११२ ला फोन करून कॅमेऱ्यांच्या मागे लागायला हवं होतं. समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॅमेऱ्यात चोरी दिसली, पण त्याचं रेकॉर्डिंग आठवडाभरच टिकतं, नंतर त्यावरच नवीन चढत जातं. मी पेनड्राइव्हवर कॉपी घेतली. शिवाय त्याच्या मशीनचं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं. तेही कागदावर लिहून ठेवलं, कारण पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्याशी वेळ जुळवताना पोलिसांनी नेमकं तेच विचारलं.

त्या रेकॉर्डिंगनं माझे डोळे उघडले. रात्री पावणेतीनच्या सुमारास दोघं स्कूटरवरून येतात. एक जण उतरतो, आरएक्सवर बसतो आणि हँडलला दोन्ही हातांनी एक हिसडा देतो. लॉक तुटतं. किक मारायचा प्रयत्नही करत नाही. मागचा स्कूटरवाला आरएक्सच्या फूटरेस्टला पाय लावतो आणि ढकलत घेऊन जातो. एकूण चाळीस सेकंद. इंजिन चालू केलं असतं तर आप्पा झोपेतून उठले असते. तो आवाज त्यांना दहा गाड्यांत ओळखू येतो. पण जेमतेम शंभर किलोची गाडी, तिला चालू कशाला करायची?

दुपारी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, "दोन दिवस शोधा, नाही मिळाली तर या." हे बहुतेकांना ऐकावं लागतं असं नंतर कळलं. मी भांडले नाही. फक्त म्हटलं, "साहेब, व्हिडिओ आहे, चोर दिसतायत, आज गुन्हा नोंद झाला तर पुढचे कॅमेरे तरी बघता येतील." व्हिडिओ पाहिल्यावर त्यांचा सूर बदलला, पण फिर्याद लिहायला माणूस मोकळा नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी बोलावलं. १२ फेब्रुवारीला सकाळी अकरा ते दुपारी अडीच बसून फिर्याद झाली. (तुमच्यावर ही वेळ आली आणि अजिबातच दाद मिळाली नाही, तर नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायची सोय आहे. तक्रार ऑनलाइन पाठवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.)

फिर्याद आप्पांच्या नावानंच झाली, कारण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नाव त्यांचं. मी बाजूला बसून होते. मजकूर टाइप होताना आप्पा एकदाच उसळले. "३०,००० रुपये किमतीची एक काळ्या रंगाची यामाहा कंपनीची मोटारसायकल, जु.वा." असं वाचून दाखवलं तेव्हा. जु.वा. म्हणजे जुनी वापरती. "तीस हजार? अहो, नुसतं इंजिन तेवढ्याला मागतात!" हवालदार शांतपणे म्हणाले, "मामा, किंमत वाढवून चोर लवकर सापडत नाही." पुढे ते नेहमीचं वाक्य आलं: कोणीतरी अज्ञात चोरट्याने, माझ्या संमतीवाचून, मुद्दाम लबाडीने, स्वतःच्या फायद्याकरिता चोरून नेली. कलम ३०३ (२), भारतीय न्याय संहिता. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या कायद्यातलं ३७९ होतं. लोक अजून तेच बोलतात.

सही करण्याआधी दोन गोष्टी तपासा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीवरून एकेक अक्षर लावून वाचा. आमच्या मजकुरात एक आकडा चुकला होता, तो मी दुरुस्त करून घेतला. तो तसाच राहिला असता तर पुढे सगळं अडलं असतं. आणि गाडीच्या खुणा लिहायला लावा. आप्पांनी त्या वेळी एक खूण सांगितली, जी मलाही माहीत नव्हती. सीटखाली, चेसिसच्या पट्टीवर, त्यांनी १९९४ मध्येच अंकांच्या पंचनं आपला कारखान्यातला टोकन नंबर ठोकून ठेवला होता: ४१७. "हत्यारांवर ठोकायचो, गाडीवर पण ठोकला," म्हणाले. हवालदारांनी एक ओळ वाढवली. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती तिथेच घेतली.

पुढच्या दोन दिवसांत आरटीओत अर्ज आणि एफआयआरची प्रत दिली, पोच घेतली. गाडी कुठे धडकली किंवा दंडाच्या पावत्या येऊ लागल्या तर आधी मालकालाच विचारणार, म्हणून ही पोच महत्त्वाची. विमा एजंटालाही कळवलं, पण तिथून काही मिळणार नाही हे माहीत होतं. आमचा विमा फक्त थर्ड पार्टी. या आकाराच्या दुचाकीला तेव्हा वर्षाला ७१४ रुपये अधिक जीएसटी होता, आणि त्यात चोरी येत नाही. ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांनी त्याच दिवशी कंपनीला कळवावं आणि दोन्ही चाव्या जपून ठेवाव्यात. दुसरी चावी नसली की दावा अडतो. गाडी सापडलीच नाही तर 'ए समरी', म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा पोलिसांचा अहवाल, कोर्टानं मंजूर केलेला लागतो. त्याला महिने लागतात.

२० फेब्रुवारीला मोबाइलवर मेसेज आला: आज आपल्या वाहनाला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवण्याची वेळ आहे. जानेवारीत ५३१ रुपये भरून मीच बुकिंग केलं होतं. आप्पांना सांगितलं नाही.

मग नुसतं थांबणं. दर आठ-दहा दिवसांनी मी तपास हवालदारांना फोन करायची. रोज केला तर ते उचलणार नाहीत, अजिबात नाही केला तर विसरतील, असा माझा हिशेब. आरएक्सवाल्या पोरांच्या दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकले. निपाणीकडून एकानं विक्रीला आलेल्या काळ्या टाकीचा फोटो पाठवला. मी निघायच्या बेतात होते, हवालदारांनी झापलं. "ताई, तिथं एकट्या गेलात तर गाडी राहू दे, तुम्हाला शोधत बसावं लागेल." फोटो त्यांना दिला. ती टाकी आमची नव्हती. त्या काळात आप्पा बस धरायचे किंवा चालायचे, आणि वाटेत उभी असलेली प्रत्येक आरएक्स वाकून बघायचे. एकदा एका मुलानं "काय आजोबा, काय बघताय?" म्हणून हटकलं, तेव्हा त्यांना आपणच चोर ठरल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी ते दोनदा सांगितलं.

२३ एप्रिलला दुपारी फोन. "नाकाबंदीत दोघं घावल्यात. नऊ गाड्या काढून दिल्या. त्यात दोन आरएक्स आहेत, दोन्ही काळ्या. मामांना घेऊन या."

ठाण्याच्या मागच्या आवारात गाड्या ओळीनं लावल्या होत्या. दोन्ही आरएक्सना नंबरप्लेट नाही, आरसे नाहीत, दोन्हींचे इंजिन नंबर ग्राइंडरनं घासलेले. मी खरंच सांगते, मला ओळखता आली नाही. एकीची टाकी बदललेली होती, दुसरीला भलतंच सीट. आप्पा टाकीकडे बघायलाच गेले नाहीत. सरळ दुसऱ्या गाडीपाशी जाऊन म्हणाले, "सीट काढा." सीट काढलं. धूळ पुसली. ४१७.

मला वाटलं, झालं, आता गाडी घरी. तसं नसतं. पोलिसांनी जप्त केलेली गाडी म्हणजे मुद्देमाल. तो कोर्टाच्या हुकमाशिवाय मालकालाही देता येत नाही. आणि आधी ही गाडी कागदोपत्री आमची असल्याचं ठरायला हवं होतं. आमचं नशीब की चेसिस नंबर हँडलच्या मानेवर जिथे ठोकलेला असतो, तिथे चोरांनी नुसता रंग मारला होता, घासला नव्हता. आप्पांनी घरून वही आणली. १९९४ पासूनची आहे ती: पेट्रोल, टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, प्लग, सगळं लिहिलेलं. २०२४ मध्ये आरसीचं नूतनीकरण केलं तेव्हा (पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं, फॉर्म २५, त्या वेळी १,००० रुपये फी, पर्यावरण कर वेगळा) चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून जो छाप काढतात, त्याचा एक जास्तीचा छाप त्यांनी वहीत चिकटवला होता. रंग काढून मोटार वाहन निरीक्षकांनी तपासणी केली, छापाशी अक्षरं जुळली. पंचनामा झाला. यात पाच दिवस गेले.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी आज संध्याकाळी एवढं करावं: चेसिसचा पेन्सिल छाप, दोन्ही नंबरांचे मोबाइलवर फोटो, आणि कुठेतरी आडजागी आपली स्वतःची खूण. मूळ नंबरांना मात्र हात लावायचा नाही, तो गुन्हा आहे. आणि मूळ आरसी डिकीत किंवा सीटखाली ठेवू नका. गाडीबरोबर तीही गेली तर फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत काढण्यापासून सुरुवात.

२८ एप्रिलला वकिलांमार्फत कोर्टात अर्ज दिला. वकील म्हणाले, सुट्टी लागायच्या आत अर्ज पडला पाहिजे. अर्ज कलम ५०३ खाली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. जुन्या कायद्यातलं ४५७. सोबत आरसी, विमा, आधार, एफआयआर, पंचनामा यांच्या प्रती आणि आप्पांचं प्रतिज्ञापत्र. मी घाबरून विचारलं, "खटला संपेपर्यंत गाडी तिथेच राहिली तर?" त्यांनी २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं नाव घेतलं, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. ठाण्याच्या आवारात वाहनं गंजत ठेवू नका. फोटो, पंचनामा आणि बाँड घेऊन मालकाला द्या, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. तो निकाल अर्जात नमूद केला होता.

कोर्टानं पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवलं. याला तिथे सगळे 'से' म्हणतात. "से आला काय?" हा प्रश्न मी पुढच्या दहा दिवसांत किती वेळा विचारला असेल! इथेच बहुतेकांचा वेळ जातो, कारण कागद कोर्टातून ठाण्यात आणि ठाण्यातून परत कोर्टात जायचा असतो आणि त्याला पाय नसतात. आपण तपास हवालदारांना आठवण करायची, नम्रपणे. ८ मेला से आला, 'हरकत नाही'. ९ मेला शुक्रवारी आप्पा पांढरा शर्ट घालून उभे. न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "गाडी तुमचीच ना?" आप्पांनी उत्तर तयार करून आणलं होतं, १९९४ पासूनचं. वकिलांनी कोपर लावलं. "होय," म्हणाले.

आदेश झाला: ५०,००० रुपयांचा बाँड, खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग-रूप बदलायचं नाही, बोलावलं की कोर्टात हजर करायची. यालाच सुपुर्तनामा म्हणतात; गाडी मालकाला परत नव्हे, मालकाच्या ताब्यात. पन्नास हजार भरावे लागत नाहीत, फक्त लिहून द्यायचे. बाँडला ५०० चा स्टॅम्प लागला. १०० चा चालला नाही. आदेशाची प्रत ठाण्यात देऊन, फोटो काढून, १३ मेला गाडी टेम्पोत घातली. दोन्ही चाकांतली हवा गेलेली, कार्बोरेटर गायब.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी: वकील ४,०००, स्टॅम्प-नोटरी-टायपिंग मिळून ९००, टेम्पो ६००, दुरुस्ती ५,२००. माझ्या सहा रजा वेगळ्या. आप्पांच्या मते दुरुस्तीत मेस्त्रीनं पाचशे जास्त घेतले.

त्याच मेस्त्रीनं मला एक गोष्ट शिकवली जी प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला माहीत असायला हवी. या गाड्यांत चावी बंद केली की सीडीआयची, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या डबीची, एक वायर बॉडीला टेकते आणि ठिणगी थांबते. म्हणजे चावीचं काम वीज सोडणं नाही, अडवणं आहे. चोरानं हेडलाइटमागचा कपलर (वायरींचा जोड) उपसला की अडवणारं कुणी उरत नाही. किक मारली की चालू, बॅटरी नसली तरी. म्हणून चोरस्विच बसवायचा तर तो हेडलाइटजवळ वायर तोडून नव्हे, तर सीडीआयच्या अगदी लगत, ती वायर बॉडीला टेकवणारा बसवायचा. तो बसवला. पेट्रोल कॉक बंद करण्याची सवयही लावून घेतली. पण व्हिडिओ आठवा: आमच्या चोरांनी गाडी चालूच केली नव्हती. स्विच, कॉक, चावी, सगळं चालू करणाऱ्यासाठी. ढकलून नेणाऱ्याला अडवायचं तर चाक फिरता कामा नये.

डिस्क लॉक घ्यायला गेले तर दुकानदार हसला. आरएक्सला पुढेमागे ड्रमच, लॉक लावणार कशाला! मग आप्पांनी सूत्रं हातात घेतली. जोत्यात भोक पाडून, काँक्रीट भरून, जाड कडी बसवली. जाड साखळी मागच्या चाकातून आणि चेसिसमधून काढून त्या कडीला. साखळी नुसती चाकात अडकवली तर दोघं मिळून गाडी उचलून टेम्पोत टाकतात, म्हणून ती कशाला तरी बांधायची. आणि कुलूप जमिनीवर टेकू द्यायचं नाही, टेकलं की त्यावर हातोडा घालता येतो. ज्यांना भाड्याच्या घरात कडी ठोकता येत नाही त्यांनी दोन गाड्या एकमेकींना बांधाव्यात. वर मळकं कव्हर. नवं चकचकीत कव्हर म्हणजे आत काहीतरी आहे असं सांगणं. सीटच्या फोममध्ये नाण्याच्या सेलवर चालणारा एक टॅग मी लपवलाय. तो आसपास कुणाचा तरी फोन असेल तरच ठिकाण सांगतो, त्यामुळे माझा त्याच्यावर अर्धाच भरवसा. आप्पांचा अजिबात नाही.

उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायची सरकारी मुदत वाढत गेली ते आमच्या पथ्यावर पडलं. जूनमध्ये पुन्हा वेळ घेऊन ती बसवली. घासलेला इंजिन नंबर मात्र तसाच आहे, खटला संपेपर्यंत हात लावायचा नाही. त्यामुळे कोर्टाच्या आदेशाची साक्षांकित प्रत आप्पांच्या खिशात असते. दोनदा वाहतूक पोलिसांनी अडवलं, दोनदा ती कामाला आली.

ऑगस्टमध्ये एका सहीसाठी पुन्हा ठाण्यात गेलो. ती दुसरी आरएक्स तिथेच होती. तिचा चेसिस नंबरही चोरांनी घासलेला. हवालदार म्हणाले, आतापर्यंत तिघं येऊन गेले, तिघंही म्हणतात आमचीच. एकाकडेही दाखवायला काही नाही. पावसानं चाकाभोवती गुडघाभर गवत वाढलं होतं. आप्पा तिच्यापाशी थांबले, सीटची एक बाजू उचलून खाली वाकून बघितलं, आणि परत ठेवलं.